शस्त्रक्रियेनंतरची वर्षे: ट्रान्स स्त्रियांचे मानसिक आरोग्य आणि आयुष्याविषयीचे समाधान

शारदीया

मी ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मतः मला मुलगा ठरवले गेले होते. स्त्री म्हणून जगण्यासाठी केलेल्या माझ्या जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेला सहा वर्षे पूर्ण झाली. या काळात नातेवाईक, सहकारी, डॉक्टर आणि काही अगदी अनोळखी माणसे यांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: आता तरी सुखी आहेस ना? त्यातले 'आता तरी' मला दरवेळी अडखळायला लावते, कारण शस्त्रक्रिया हा सुखाचा सौदा होता आणि मी आता त्याचा हिशेब द्यायला बांधील आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. 'हो' म्हटले तर ते अर्धसत्य ठरते, आणि 'नाही' म्हटले तर समोरच्याच्या चेहऱ्यावर 'मग केलीस कशाला' हे स्पष्ट वाचता येते.

माझ्या मते येथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. शस्त्रक्रियेचा परिणाम मनासारखा झाला का, ही एक गोष्ट. नैराश्य, चिंता, झोप, जगण्याची इच्छा, म्हणजेच मानसिक आरोग्य, ही दुसरी. आणि एकूण आयुष्याकडे पाहून माणूस समाधानी आहे का, ही तिसरी. पहिलीचे उत्तर माझ्यापुरते निःसंदिग्ध 'हो' असे आहे. दुसरीचे उत्तर 'बरेच बरे आहे' असे आहे. तिसरीचे उत्तर मात्र नोकरी, एकटेपणा, आईशी तुटलेले संभाषण अशा अनेक गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्यांच्यापैकी एकही गोष्ट शस्त्रक्रियागृहात दुरुस्त होण्यासारखी नव्हती.

जे गेले ते काय होते, हे एका उदाहरणाने सांगते. पूर्वी प्रवासाला निघण्याआधी मी पाणी किती प्यायचे याचा हिशेब करत असे, कारण वाटेत स्वच्छतागृहात जावे लागेल या विचारानेच पोटात गोळा येई. सकाळी कपडे घालताना शरीराचा एक भाग दाबून, बांधून लपवण्यात पंधरा-वीस मिनिटे जात, आणि दिवसभर तो आवळलेपणा सोबत असे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठ महिन्यांनी एका लांबच्या प्रवासात माझ्या अचानक लक्षात आले की मी पाण्याची बाटली केव्हाच रिकामी केली आहे आणि त्याकडे माझे लक्षही गेलेले नाही. त्याला आनंद म्हणता येईल की नाही, मला ठाऊक नाही. डोक्यात सतत चालू असलेला एक आवाज बंद झाला, एवढे निश्चित.

जे राहिले तेही सांगायला हवे. फोनवर पलीकडचा माणूस मला अजूनही 'सर' म्हणतो, कारण वयात येताना एकदा खाली गेलेला आवाज इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने परत वर जात नाही. त्यासाठी स्वतंत्र सराव करावा लागतो, आणि माझ्या रोजच्या समाधानाशी त्या सरावाचा संबंध कित्येकदा शस्त्रक्रियेहून अधिक निघाला.

ज्यांच्या शस्त्रक्रियेला किमान वर्ष झाले आहे त्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी या चर्चेत खाली लिहावे, अशी विनंती आहे. संशोधनाचे आकडेही यावेत, मात्र त्यांत कोणाची तुलना कोणाशी केली आहे, हे सोबत लिहावे.

मध्यमपदलोपी

लेखन प्रामाणिक आहे आणि आपल्याला दुखवण्याचा माझा हेतू नाही. तरीही एक शंका मांडतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींमध्ये आत्महत्येचे प्रमाण १९ पट आढळले होते, हे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. ते खरे असेल तर शस्त्रक्रियेमुळे मानसिक आरोग्य सुधारते हा दावा टिकतो कसा?

गणकयंत्र

आकडा खरा आहे, त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र त्या अभ्यासातला नाही. त्यात १९७३ ते २००३ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या ३२४ व्यक्ती होत्या; त्यांपैकी १९१ ट्रान्स स्त्रिया. त्यांची तुलना सर्वसाधारण लोकसंख्येतील, प्रत्येकी दहा याप्रमाणे निवडलेल्या व्यक्तींशी केली होती. ज्यांना शस्त्रक्रिया हवी होती पण मिळाली नाही अशा ट्रान्स व्यक्तींशी ती तुलना नव्हतीच. त्यामुळे शस्त्रक्रियेने गुण आला की नाही, हा प्रश्न त्या अभ्यासाला विचारता येत नाही, आणि लेखकांनी स्वतःच निबंधात तसे स्पष्ट लिहिले आहे. त्या अभ्यासातून एवढेच कळते की शस्त्रक्रियेनंतरही हा गट इतरांहून अधिक जोखमीत राहतो आणि त्याला पुढेही मानसोपचाराचा आधार लागतो. दुसरे म्हणजे तो १९ पटींचा आकडा ३२४ जणांतील १० मृत्यू आणि तुलनेतील ३,२४० जणांतील ५ मृत्यू यांवर उभा आहे. म्हणून त्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची शक्यता आहे तो टप्पा, ५.८ पासून ६२.९ पर्यंत पसरली आहे. शिवाय १९८९ पासून पुढे शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एकूण मृत्यूंच्या बाबतीत सर्वसाधारण लोकसंख्येशी असलेला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक उरला नव्हता.

हे लिहिल्यावर दुसऱ्या बाजूचेही लिहिणे भाग आहे, नाहीतर मी वकिली करतो आहे असे होईल. स्वीडनमध्येच राष्ट्रीय नोंदींवर आधारलेला आणखी एक अभ्यास झाला. त्यात लिंगभाव-विसंगतीचे, म्हणजे मनातली लिंगओळख आणि जन्मलिंग यांचा मेळ नसल्याचे, निदान झालेल्या २,६७९ व्यक्ती होत्या. शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर जसजशी वर्षे जातात तसतशी मानसोपचार घ्यावे लागण्याची शक्यता दरवर्षी सुमारे ८ टक्क्यांनी घटते, असे त्यात म्हटले होते, आणि त्या बातमीचे जोरदार स्वागतही झाले. पण काही संशोधकांनी आक्षेप घेतल्यावर शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले यांची थेट तुलना करण्यात आली, तेव्हा नैराश्य वा चिंतेसाठी डॉक्टरांकडे जाण्यात किंवा औषधे घेण्यात शस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो अभ्यास छापणाऱ्या नियतकालिकाने दुरुस्ती छापली आणि मूळ निष्कर्ष गरजेपेक्षा ठाम होता, हे लेखकांनी मान्य केले. पहिली बातमी सांगणाऱ्या किती जणांनी ही दुरुस्ती पुढे पाठवली असेल, याचा अंदाज येथील वाचकांनीच करावा.

अर्थात त्या दुरुस्तीचीही एक अडचण आहे. ज्यांना शस्त्रक्रिया नको होती आणि ज्यांना हवी असूनही मिळाली नव्हती, असे दोघेही 'न झालेले' या एकाच रकान्यात बसतात. अमेरिकेतील ट्रान्स व्यक्तींच्या २०१५ च्या सर्वेक्षणावरून २०२१ मध्ये केलेल्या विश्लेषणात ही चूक टाळली होती. निदान दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या ३,५५९ जणांची तुलना, ती हवी असूनही न मिळालेल्या १६,४०१ जणांशी केली गेली. तीव्र मानसिक ताण असण्याची संभाव्यता पहिल्या गटात ४२ टक्क्यांनी आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याची संभाव्यता ४४ टक्क्यांनी कमी आढळली. पण ती एकाच वेळी विचारलेली माहिती आहे, त्याच माणसांचा आधी-नंतर घेतलेला मागोवा नाही. ज्यांची प्रकृती, पैसा आणि घरचा आधार आधीपासूनच बरा होता त्यांनाच शस्त्रक्रिया मिळाली असेल, ही शक्यता त्यातून पूर्णपणे पुसता येत नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना काहीच नाही, असा प्रयोग येथे नैतिकदृष्ट्याही बसत नाही आणि कोणाला काय मिळाले हे लपवताही येत नाही.

मध्यमपदलोपी

तुलना कोणाशी होती, हे मला खरोखरच माहीत नव्हते. आभार.

रात्रपाळी

मी अशा शस्त्रक्रिया होणाऱ्या विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. वर वर्षांचा हिशेब चालला आहे. मी आठवड्यांचा सांगते, कारण मानसिक दृष्ट्या सर्वांत अवघड काळ तोच असतो आणि त्याची कल्पना फार कमी जणींना दिलेली असते.

योनीरचनेच्या शस्त्रक्रियेनंतर आत भरलेले पॅकिंग, म्हणजे पट्टीचा बोळा, साधारण पाच ते सात दिवसांनी काढतात. त्या दिवशी आम्ही रुग्णाच्या हातात एक छोटा आरसा देतो. वर्षानुवर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण बहुतेकींच्या वाट्याला सुजलेला, काळानिळा, टाक्यांनी भरलेला आणि एका बाजूला अधिक फुगलेला असा येतो. एकीने आरसा उलटा करून पलंगावर ठेवला आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, 'हे असेच राहणार का?' सूज बरीचशी उतरायला काही महिने लागतात आणि अंतिम आकार दिसायला वर्षही लागू शकते, हे तिला आधी सांगितलेले होते. पण कानांनी ऐकणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे.

त्यानंतर डायलेशन सुरू होते. नव्या मार्गाची खोली व रुंदी टिकावी म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायचा गुळगुळीत दांडा, वापरावा लागतो. सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी दिवसातून तीन-चार वेळा, दरवेळी वीस ते तीस मिनिटे. म्हणजे स्वच्छता, तयारी आणि आवराआवर धरून दिवसाचे तीन-चार तास त्यातच जातात. दुखते, रक्त येते, कंटाळा येतो. आणि टाळले तर मार्ग आकुंचन पावतो ही भीती मागे असतेच. त्यातच भुलेचा उतार, वेदनाशामक औषधे, तुटलेली झोप आणि हालचालीवरचे निर्बंध असतात. रक्ताच्या गुठळ्यांच्या धास्तीने काही ठिकाणी शस्त्रक्रियेआधी काही आठवडे इस्ट्रोजेन बंद करतात, त्याचाही मनावर परिणाम होऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ढसाढसा रडणाऱ्या, 'मी चूक केली का' असे विचारणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी कितीतरी सहा महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा तो प्रश्न आपण विचारला होता हेच विसरलेल्या होत्या. तो पश्चात्ताप नसतो, पण त्या क्षणी रुग्णाला आणि तिच्या घरच्यांना तो पश्चात्तापच वाटतो. मात्र हे दिवस 'असे होतेच' म्हणून सोडूनही देऊ नयेत. काहींमध्ये खरे नैराश्य असते आणि त्यावर उपचार करावेच लागतात.

अर्धविराम

मी थोडे कडू लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व. माझी शस्त्रक्रिया होऊन चार वर्षे झाली. दुसऱ्याच वर्षी मार्ग आकुंचन पावला, दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि मूत्राची धार अजूनही सरळ येत नाही. ज्या रुग्णालयात हे घडले त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. मला सर्वाधिक राग याचा आहे की केवळ बाह्य रचना करून आतला मार्ग न करण्याचा पर्याय असतो, त्यात डायलेशनची गरज राहत नाही, हे मला कोणी सांगितलेच नाही. मला त्या मार्गाची आवश्यकता नव्हती. मला फक्त जे होते ते नको होते.

कोणी 'पश्चात्ताप होतो का' असे विचारले की मी 'नाही' म्हणते, आणि ते खरे आहे. पूर्वीच्या शरीरात परत जाण्याचा विचार मला एक दिवसही आलेला नाही. पण खंत आहे. पश्चात्ताप आणि खंत यांत फरक असतो, हे प्रश्नावल्या तयार करणाऱ्यांच्या गावी नसते.

गणकयंत्र

अर्धविराम यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. पश्चात्तापाचे जे आकडे सर्वत्र फिरतात, त्यांत पश्चात्ताप मोजला कसा, ते पाहावे. स्वीडनमध्ये १९६० ते २०१० या काळात कायदेशीर लिंगबदल आणि शस्त्रक्रिया झालेल्या ६८१ जणांपैकी १५ जणांना, म्हणजे २.२ टक्क्यांना, पश्चात्ताप झाल्याची नोंद आहे. ही मोजणी पूर्वीचे कायदेशीर लिंग परत मिळावे म्हणून केलेल्या अर्जांवरून झाली. ॲमस्टरडॅमच्या लिंगभाव-चिकित्सालयात १९७२ ते २०१५ या काळात ६,७९३ व्यक्ती आल्या. त्यांपैकी अंडग्रंथी (वृषण) काढलेल्या ट्रान्स स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के आढळले, आणि तेथे जन्मलिंगाला साजेसे हार्मोन पुन्हा सुरू केले असतील तरच पश्चात्ताप धरला गेला. ज्या मोजक्या लोकांना पश्चात्ताप झाला, त्यांच्यापैकी काहींनी त्याचे कारण समाजाने न स्वीकारणे हे सांगितले होते.

दोन्ही आकडे लहान आहेत आणि मोठ्या संख्येने लोक मागे फिरत नाहीत, हे त्यांतून नक्की कळते. पण अर्धविराम यांची खंत या दोन्ही मोजण्यांत शून्य म्हणून नोंदली गेली असती. शिवाय पाठपुराव्यातून गळालेल्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. २००४ ते २०१० या काळात शस्त्रक्रिया झालेल्या २५४ ट्रान्स स्त्रियांना जर्मनीतील एका संशोधकगटाने प्रश्नावली पाठवली. ११९ उत्तरे आली. त्यांपैकी ९०.२ टक्के स्त्रियांनी स्त्री म्हणून जगण्याविषयीच्या आपल्या अपेक्षा पूर्ण झाल्याचे सांगितले. ही टक्केवारी उत्साहवर्धक आहे. उरलेल्या १३५ जणी आनंदात असल्यामुळे गप्प होत्या की दुःखात असल्यामुळे, हे मात्र ती सांगू शकत नाही.

शारदीया

मोजमापाचा विषय निघाला आहे म्हणून दोन गोष्टी जोडते.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे १९६६ मध्ये अशा शस्त्रक्रियांसाठी चिकित्सालय सुरू झाले आणि १९७९ मध्ये ते बंद पडले. त्याच वर्षी तेथील दोन संशोधकांनी निबंध लिहून शस्त्रक्रियेने सामाजिक पुनर्वसनात वस्तुनिष्ठ फायदा होत नाही असे म्हटले, आणि बंद करण्याच्या निर्णयाला त्याचा आधार मिळाला. तो 'वस्तुनिष्ठ फायदा' मोजला कसा? नोकरीचा दर्जा वाढला का, अटक झाली का, मानसोपचार घ्यावे लागले का, आणि 'योग्य' लिंगाच्या जोडीदारासोबत संसार आहे का, यांवर गुण दिले होते. म्हणजे एखादी ट्रान्स स्त्री दुसऱ्या स्त्रीबरोबर सुखाने राहत असेल तर तिचे गुण कापले जाणार. आणि मन खचल्यावर शहाणपणाने डॉक्टरांकडे गेली तरी कापले जाणार. तिला स्वतःला काय वाटते, याला त्या मोजपट्टीत जागाच नव्हती. त्याच संस्थेत २०१७ मध्ये ही सेवा पुन्हा सुरू झाली.

दुसरी गोष्ट आजच्या मोजपट्टीची आहे. आयुष्याविषयीचे समाधान मोजण्यासाठी १९८५ साली तयार झालेली एक पाच विधानांची श्रेणी जगभर वापरली जाते. प्रत्येक विधानाला एक ते सात गुण, एकूण पाच ते पस्तीस, आणि वीस म्हणजे मधोमध. पाचही विधानांत शरीराचा उल्लेख नाही. पाचव्या विधानाचा आशय असा की, आयुष्य पुन्हा जगायला मिळाले तर मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही. एका अभ्यासात सहभागी झाले होते तेव्हा या विधानापाशी माझे पेन थांबले. मी पुष्कळ बदलेन. जे पस्तिसाव्या वर्षी केले ते विसाव्या वर्षी करेन. मधल्या पंधरा वर्षांत ज्या मुलीला मी जगू दिले नाही तिला जगू देईन. मी दोन गुण दिले. म्हणजे शस्त्रक्रियेवर मी जितकी अधिक समाधानी, तितकी ती न केलेली वर्षे मला अधिक सलतात, आणि माझा समाधानाचा आकडा तितकाच खाली येतो. त्या आकड्याचा अर्थ लावणाऱ्याला हे कसे कळणार?

धाकटी

मी बहीण म्हणून लिहिते आहे. ताईच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्यात झालेला बदल मला ज्या दिवशी जाणवला, त्या दिवशी विशेष काहीच घडले नव्हते. ती माझ्याशी एका क्षुल्लक गोष्टीवरून कडाडून भांडली. त्यापूर्वी कित्येक वर्षे ती घरात कोणाशीही भांडत नसे, सगळ्यालाच 'चालेल' म्हणत असे, आणि आम्ही तिला समजूतदार समजत होतो. खरे तर तिला कशातच रस उरलेला नव्हता.

त्याच वर्षी वडिलांनी तिला एका कौटुंबिक समारंभाला न येण्यास सुचवले, आणि पुढचे दोन महिने ती पुन्हा तशीच गप्प झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. जखम पूर्ण भरली होती. अल्पसंख्याकांवरील ताणाची जी मांडणी इलन मायर यांनी २००३ मध्ये केली, ती मी नंतर वाचली: बाहेरून होणारा भेदभाव, तो होईल या भीतीने सतत सावध राहणे, आणि लोकांचा तिरस्कार हळूहळू स्वतःच्याच मनात मुरणे. मला त्या मांडणीच्या प्रत्येक कलमापुढे आमच्या घरातल्या माणसाचे नाव लिहिता आले.

उंबरठ्यावर

मी चोवीस वर्षांची आहे आणि पुढच्या काही महिन्यांत माझी शस्त्रक्रिया होईल अशी आशा आहे. मला गेली तीन वर्षे नैराश्याचा त्रास आहे. मूल्यमापन करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना हे सांगितले तर ते शस्त्रक्रियेसाठी लागणारे शिफारसपत्र देणार नाहीत, या भीतीने मी दोन भेटींत सगळे ठीक असल्याचे सांगितले आहे. ताई, तुम्ही काय केले होते?

शारदीया

मीही खोटेच बोलले होते, आणि ते मला महागात पडले. रात्रपाळी यांनी वर्णन केलेला तिसरा आठवडा माझ्या वाट्याला आला, तेव्हा माझ्या जुन्या नैराश्याची कल्पना असलेला एकही डॉक्टर माझ्यापाशी नव्हता.

ट्रान्स व्यक्तींच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या जागतिक व्यावसायिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. प्रौढांसाठी पूर्वी दोन पत्रे सुचवली होती, आता एक पुरेसे मानले आहे. नैराश्य असणे म्हणजे आपोआप नकार, असे त्यात कोठेही नाही. परिणामावर विपरीत प्रभाव टाकू शकतील अशा मानसिक व शारीरिक व्याधींचा आढावा घेतलेला असावा, एवढीच अपेक्षा आहे. सगळे डॉक्टर हे वाचतात असे मी म्हणणार नाही. तरीही पुढच्या भेटीत खरे सांग, आणि मागच्या दोन भेटींत का सांगितले नाहीस, तेही सांग. शक्य असेल तर तुझ्यावर नैराश्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे दोन ओळींचे टिपण सोबत ने. शस्त्रक्रियेनंतर तुझ्या शरीरात इस्ट्रोजेन किती आणि केव्हा सुरू राहणार, हेही आधीच विचारून घे. अंडग्रंथी काढल्यावर हाडांसाठी हार्मोन दीर्घकाळ लागतात आणि त्यात खंड पडला की मनही डळमळते. आतल्या मार्गाची गरज तुला खरोखर आहे का, याचा विचार अर्धविराम यांचा प्रतिसाद समोर ठेवून कर.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात सगळे येतात. तिसऱ्या आठवड्यात कोणीही नसते. त्या आठवड्यासाठी माणूस आत्ताच ठरवून ठेव.

उंबरठ्यावर

मावशीशी बोलले. ती पहिल्या आठवड्यासाठी येणार होती; आता तिसऱ्या आठवड्यात येणार आहे. डॉक्टरांची भेट सोमवारी आहे, आणि काय बोलायचे ते मी कागदावर लिहून काढले आहे, कारण समोर बसल्यावर माझ्या तोंडून पुन्हा 'ठीक आहे' एवढेच निघेल.